पूर्वज ओ देतात, तरी धुकेओवी का विझते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायच्या खेळातल्या लांब कथेत, नऊ बेटांवर राहणारं कासवकुळ आहे. त्यांच्या तांडेलांकडे ‘धुकेओवी’ ही वाडवडिलांकडून आलेली पवित्र कला आहे. दाट धुक्यात तांडेल ओवी गातो, ओवीत ज्या पूर्वजाचं नाव असेल त्याचा दिवा पाण्यावर उजळतो आणि होडी खडक चुकवत पलीकडच्या बेटाला लागते. आता ही कला संपत आली आहे. ती जाणणारी एकच म्हातारी तांडेलीण उरली आहे. कारण म्हणून तुम्ही दोनशे वर्षांपूर्वीचा एक क्रूर सम्राट आणलात आणि त्याच्या हातून सगळे गुरू मारवलेत. त्यावर तुमच्या टेबलावरच्या एका मुलीनं विचारलं, “पूर्वज स्वतः येतात ना? मग त्यांच्याकडूनच कोणी का शिकत नाही?” आणि सेशन तिथेच अडकलं.

तिचा प्रश्न फार चांगला आहे. त्याला बगल देऊ नका.

मी सतरा वर्षं डीएम, म्हणजे खेळाची कथा पुढे नेणारा, म्हणून टेबल चालवतो आहे आणि त्यातली शेवटची काही वर्षं गेमसाठी कथा आणि संस्कृती लिहिण्याचंच काम करतो. माझ्या पहिल्या मोठ्या कॅम्पेनमध्ये मीही असाच एक सम्राट ठेवला होता. त्याचा परिणाम असा झाला की खेळाडूंनी सम्राटाच्या वारसाला मारलं आणि मग माझ्याकडे बघत बसले. खलनायक मेला, म्हणजे कला परत यायला हवी होती. ती कशी येणार, हे मलाच ठाऊक नव्हतं, कारण ती का गेली याचा मी विचारच केला नव्हता. तेव्हापासून मी खऱ्या जगातल्या अशा कलांबद्दल जे मिळेल ते वाचत आलो, जिथे जाता आलं तिथे जाऊन बघत आलो. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे: एखादी कला उत्तम चालत असतानाही जाऊ शकते. तिच्यात दोष निर्माण व्हावा लागत नाही, पूर्वजांनी रुसावं लागत नाही, शत्रूही लागत नाही.

तुमच्या कासवकुळाला अगदी जवळचं उदाहरण पॅसिफिक महासागरात आहे. मायक्रोनेशियातल्या कॅरोलाइन बेटांमध्ये सातावाल नावाचं बेट आहे, दीड चौरस किलोमीटरही नसलेलं. वस्ती पाचशेच्या आसपास. तिथे माऊ पियाइलुग नावाचे तांडेल होऊन गेले, जन्म १९३२चा. होकायंत्र नाही, नकाशा नाही, घड्याळ नाही. तारे कुठे उगवतात आणि कुठे मावळतात, लाटांचे वेगवेगळे हेलकावे होडीच्या बुडाला कसे लागतात, संध्याकाळी पक्षी कोणत्या दिशेला परततात, एवढ्यावर शेकडो किलोमीटरचा समुद्र ते पार करत. आजोबांनी त्यांना अगदी तान्हेपणीच निवडलं होतं. खडकातल्या भरतीच्या डबक्यांत त्यांना बसवत, समुद्राची ओढ अंगाला कळावी म्हणून. पुढे जमिनीवर दगड गोल मांडून ताऱ्यांच्या जागा पाठ करून घेतल्या. सुमारे अठराव्या वर्षी ‘प्वो’ नावाचा संस्कार झाला. आपल्याकडे मुंज किंवा गुरुमंत्र म्हटल्यावर जे गांभीर्य मनात येतं, साधारण तसं. प्वो झालेला माणूस फक्त होडी हाकणारा राहत नाही. बेटाला अन्न मिळवून देण्याची, गेलेल्यांना परत आणण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. सातावालचे लोक कासवं पकडायला दूरच्या निर्जन बेटांवर जात. तुम्ही तुमच्या कुळाचं नाव कासवकुळ ठेवलंत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

माऊंना प्वो मिळाला तो १९५०च्या आसपास. त्यानंतर सातावालवर हा संस्कार सुमारे चार दशकं झालाच नाही. कला बिघडली होती का? १९७६ साली याच माऊंनी ‘होकुलेआ’ ही जुन्या घडणीची जोडहोडी हवाईहून ताहितीला नेली, जवळपास चार हजार किलोमीटर, एकही उपकरण न वापरता. मे महिन्याच्या सुरुवातीला निघाले आणि ४ जूनला ताहितीतल्या पपीते बंदराला पोचले. त्या मार्गावर ते आधी कधी गेले नव्हते, दक्षिणेचं आकाश त्यांना नवीन होतं, म्हणून तिकडचे तारे तारांगणात बसून पाहून घेतले होते. कला इतकी जिवंत होती. आणि तरीही त्यांच्या स्वतःच्या बेटावर ती शिकायला पोरं येत नव्हती. हवाईत तर तोपर्यंत ती जाणणारा एकही माणूस उरला नव्हता, म्हणून हवाईच्या लोकांना इतक्या लांबून माऊंना बोलवावं लागलं.

ती मुलगी जे विचारते आहे, ते सातावालबद्दलही विचारता येईल. गुरू समोर बसला होता, हातीपायी धड होता, शिकवायला तयार होता. मग मुलं का शिकली नाहीत?

एक कारण शाळा. मी शाळेविरुद्ध बोलत नाही, पण हिशोब वेळेचा आहे. माऊंची विद्या चार-पाच वर्षांच्या वयापासून रोज थोडी थोडी अंगात मुरली. मोठी मुलं शिकायला दुसऱ्या बेटावर वसतिगृहात जाऊ लागली, तेव्हा नेमकी ती वर्षं गेली. सुट्टीत घरी आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला लाटांचा फरक बुडाखाली कळत नाही, आणि त्याला शिकवायला आजोबांकडे दोनच आठवडे असतात. कुणी काही बंद केलं नाही. दिवस भरलेला राहिला, एवढंच.

दुसरं कारण धर्म. बेट ख्रिस्ती झालं आणि जुने विधी मागे पडले. इथे एक बारकावा आहे, तो खेळ लिहिणारे नेहमी चुकवतात. धर्मप्रसारकांना तारे ओळखण्याशी काही वैर नव्हतं. थांबला तो संस्कार. पण विद्येचा सगळ्यात आतला भाग त्या संस्काराला बांधलेला होता: प्वो झाल्याशिवाय काही गोष्टी सांगायच्याच नाहीत, असा दंडक. तारे शिकवता येत होते, वाराही शिकवता येत होता. पण ज्या क्षणी शिष्य ‘आता तू तांडेल’ व्हायचा, तो क्षणच पंचांगातून गेला. जे पावित्र्य कलेला शतकानुशतकं जपत आलं, तेच तिच्या दाराला कुलूप होऊन बसलं आणि किल्ली ज्या विधीत होती तो विधी आता कोणी करत नव्हतं.

आणि तिसरं कारण इंजिन. होकायंत्र आणि मोटरची होडी आली. ही साधनं माऊंपेक्षा सरस होती असं मी म्हणणार नाही. डिझेल संपलं की मोटरची होडी म्हणजे लाकूड. पण ती कोणालाही चालवता येते. तिच्यासाठी अठरा वर्षं लागत नाहीत, कुळात जन्म लागत नाही, तांडेलाच्या घरी आदरानं जाऊन बसावं लागत नाही.

आता तुमच्या नऊ बेटांवर या. सम्राटाला रजा द्या. त्याच्या जागी एक व्यापारी संघ आणा आणि त्यानं चार बेटांवर दीपस्तंभ बांधले असं ठरवा. टोल भरा, दिवा दिसतो. धुकेओवीपेक्षा हे कितीतरी कमी दर्जाचं: दीपस्तंभ खडक दाखवत नाही, फारच दाट धुक्यात दिसत नाही, उरलेल्या पाच बेटांवर तर नाहीच. पण ज्या चार बेटांचं आपसात जाणं-येणं सगळ्यात जास्त, तिथे तो पुरतो. त्या चार बेटांवरच्या घरांनी तांडेलाला वर्षाचं धान्य द्यायचं हळूहळू थांबवलं. रागानं नाही. “यंदा गरजच पडली नाही हो,” एवढंच म्हणाले. तांडेलाच्या मुलाला आता दोन पर्याय: पंधरा वर्षं ओव्या पाठ करून पाच गरीब बेटांच्या भाताच्या मुठींवर जगायचं किंवा संघाच्या गोदीत महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा. आपल्या मुलानं दुसरा पर्याय घ्यावा असं बापालाच वाटेल. हे मी कल्पनेनं सांगत नाही. कोकणात, विदर्भात, मराठवाड्यात कलावंत घरांमध्ये “आमच्या पोरांनी हे करू नये” हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे, आणि ते बोलताना त्या माणसाचा चेहरा कसा होतो हेही पाहिलं आहे.

इथे मला पिंगुळीबद्दल बोलायचं आहे, कारण मला जे कळलं त्यातलं निम्मं तिथे कळलं. सिंधुदुर्गात कुडाळजवळचं हे गाव. तिथला ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी करत आला. हातानं काढलेल्या चित्रांची पोथी, समोर एकेक चित्र धरायचं आणि वाद्यांच्या साथीनं रामायण-महाभारतातलं आख्यान गायचं. सोबत कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, देवळांत हक्कानं बोलावणं असे. म्हणजे कलावंत कला ‘सादर’ करायला जागा शोधत नव्हता, त्याला ठरलेल्या तिथीला ठरलेल्या देवळात जावंच लागे. संस्थान गेलं, गावातली जत्रा वेगळ्या करमणुकीनं भरली, आणि ती बोलावणी विरळ झाली. चित्रं काढणारा हात तोच होता, गळा तोच होता. समोरून हाक यायची बंद झाली. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी ही परंपरा स्वतःच्या अंगणात संग्रहालय उभारून धरून ठेवली आणि २०२१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कामाची जिद्द समजायची असेल तर विचार करा की बोलावणं नसताना रोज तालीम करणं म्हणजे काय.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या खेळात फार कामाला येईल. चित्रकथीत जुनी, जीर्ण झालेली पोथी पाण्यात विसर्जित करायची रीत होती. देवाची वस्तू, ती उकिरड्यावर कशी टाकणार? नवीन पोथ्या लिहिल्या जात होत्या तोवर ही रीत अतिशय योग्य होती. नवीन पोथ्या थांबल्यावर तीच रीत प्रत्येक वेळी थोडी स्मृती पाण्यात सोडू लागली. भक्तीनंच. यात दोषी कोणीच नाही, आणि म्हणून टेबलावर हे ऐकताना खेळाडू गप्प होतात. सम्राटानं ग्रंथालय जाळलं असं सांगा, ते फासे हातात घेतील. म्हातारीनं स्वतःच्या हातानं शेवटची पोथी समुद्राला दिली, कारण तिच्या आईनं तसंच करायला शिकवलं होतं, असं सांगून बघा.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं थेट उत्तर: पूर्वज येतात, मग तेच का शिकवत नाहीत?

माझी सूचना अशी. प्रत्येक ओवी एका वाटेची आणि एका पूर्वजाची असू द्या. चवथ्या बेटाहून सातव्या बेटाला जाताना जो तांडेल बुडाला, त्याची ओवी त्याच वाटेवर गायची, त्याच्या नावानं. पूर्वज फक्त नाव घेतल्यावर येतो आणि फक्त आपली वाट दाखवतो. त्याला ओवी ‘शिकवता’ येत नाही, कारण ओवी त्यानं रचलेलीच नाही. ती त्याच्या मुलीनं त्याच्यासाठी रचली होती, तो गेल्यावर. त्याला स्वतःचं मृत्यूनंतरचं नाव ठाऊक नाही. मग वाट वापरातून गेली की ओवी गळ्यातून जाते, ओवी गेली की दिवा जातो, आणि त्या पूर्वजाला हाक मारायला शब्दच उरत नाहीत. तो रुसलेला नाही. तो तिथेच आहे, धुक्यात, हाकेची वाट बघत.

असं विरळ होत जाणं आपल्याला नवीन नाही. पतंजलीनं महाभाष्यात वेदांच्या शाखा, म्हणजे पाठाच्या वेगवेगळ्या परंपरा, मोजल्या आहेत: ऋग्वेदाच्या एकवीस, यजुर्वेदाच्या एकशे एक, सामवेदाच्या हजार वाटा, अथर्ववेदाच्या नऊ. आज त्यांतल्या मोजक्याच म्हटल्या जातात. पाठांतराची इतकी काटेकोर पद्धत जगात दुसरीकडे क्वचितच असेल. पदं सुलट-उलट करून ‘घन’ नावाच्या पद्धतीनं म्हणणारे, स्वरही न चुकवणारे लोक. तरीही शाखा गेल्या, कारण शाखा घराण्यात असते, आणि घराणं गाव सोडतं, निपुत्रिक होतं, शेजारच्या मोठ्या शाखेत मिसळून जातं. तुमच्या तांडेलणीला नऊ बेटांच्या छत्तीस वाटांपैकी आठ ओव्या येत असतील तर ती ‘कला जाणणारी शेवटची’ आहे हे खरं, आणि अठ्ठावीस वाटा आधीच अंधारात गेल्या आहेत हेही खरं. खेळाडूंसमोर नकाशा ठेवा आणि आठच रेघा काढा.

कला टिकते तेव्हा काय होतं, याचाही विचार करून ठेवा, कारण खेळाडू तिला वाचवायला निघणारच. डहाणू-तलासरीकडे वारली चित्रं पूर्वी लग्नाच्या चौकासाठी काढली जात. भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक, मध्ये पालघट देवी. काढणाऱ्या सुवासिनी, आणि विधी चालवणारी, गाणारी धवलेरी. चौकाशिवाय लग्न लागायचं नाही. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी तिथल्या लोकांना कागद आणि रंग दिले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी एक पुरुष असून चित्रं काढायला घेतली आणि ती जगभर नेली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले. त्यांच्या रेषेपुढे मी नतमस्तक आहे. त्या चित्रांनी अनेक घरं उभी केली. पण आज वारली म्हटल्यावर शहरातल्या माणसाला कप, साडी आणि सोसायटीची कुंपणभिंत आठवते. धवलेरी आठवत नाही. ती कोणाचं लग्न लावते, काय गाते, हे विचारायला फार थोडे लोक जातात. तुमच्या खेळात व्यापारी संघच उद्या म्हणेल, “आम्ही धुकेओवी वाचवतो, बंदरात रोज संध्याकाळी गा, पाहुणे येतील.” भरतीला, स्वच्छ चांदण्यात, धक्क्यावर उभं राहून गायलेली ओवी. दिवा उजळेल का? हे तुम्ही ठरवा, पण आधी ठरवा. माझ्या टेबलावर मी तो उजळवला होता, अगदी फिका, आणि पूर्वजानं गोंधळून विचारलं होतं, “कोण बुडतंय?” त्या सेशननंतर आम्ही बराच वेळ तसेच बसून होतो.

उलट बाजूनं एक उदाहरण देतो, म्हणजे म्हातारीच्या हातात काहीतरी देता येईल. जपानमधलं इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्यानं बांधतात. सातव्या शतकाच्या अखेरीपासून ही रीत आहे. २०१३ साली बासष्टाव्यांदा बांधलं. मधल्या यादवीच्या काळात शंभराहून अधिक वर्षं खंडही पडला होता, तरी पुन्हा सुरू झालं. वीस वर्षांचं अंतर असं आहे की एका सुताराला आयुष्यात दोनदा, क्वचित तीनदा ते काम करता येतं: एकदा शिकाऊ म्हणून, एकदा कर्ता म्हणून. इथे इमारत जुनी करायची नाही असा नेम आहे, आणि त्या नेमामुळे हात जुने होण्याआधी नवे हात तयार होतात. कासवकुळाकडे असा एखादा नेम होता का? समजा, दर बारा वर्षांनी सगळ्या छत्तीस वाटा, गरज असो नसो, एकदा तरी गाऊन पार करायच्या. आणि समजा, एका दुष्काळाच्या साली तो नेम मोडला. “पुढच्या खेपेला करू,” असं पंचांनी ठरवलं. कला गेली तो दिवस शोधायचा झाला तर मी तिथे बोट ठेवेन. त्या दिवशी कोणाला काहीच जाणवलं नव्हतं.

खेळाच्या यंत्रणेबद्दल थोडंसं. कृपा करून धुकेओवी ही दोन लेव्हलनंतर मिळणारी क्षमता करू नका. एका रात्रीत शिकता आली तर वर लिहिलेलं सगळं खोटं ठरतं. शिकणाऱ्या पात्राला वेळ मोजायला लावा. माझा नियम: एका ओवीला एक पावसाळा, आणि तो पावसाळा ते पात्र मोहिमेवर नसतं. बाकीचे चार जण खजिना घेऊन येतात, लेव्हल वाढवतात, आणि एक जण म्हातारीच्या पडवीत जाळी विणत बसलेला असतो. खेळाडूला तोपर्यंत दुसरं पात्र द्या. ही किंमत टेबलावर खरोखर लागते, आणि लागली की “कोणी का शिकत नाही?” हे विचारणारी मुलगी स्वतः तिथे उभी असते. तिला सांगू नका की शीक. तिला पगाराची गोदीही दाखवा.

आणि म्हातारीला हट्टी पावित्र्यवादी करू नका. माऊंनी जेव्हा कुळाबाहेरच्या, दुसऱ्या द्वीपसमूहातल्या लोकांना शिकवायला घेतलं, तेव्हा त्यांच्यावर घरच्यांची टीका झाली. त्यांनी ती सोसली, कारण न शिकवता मेलो तर विद्या आपल्याबरोबर जाईल हे त्यांना दिसत होतं. १९७९मध्ये ते पुन्हा हवाईला गेले, आणि पुढच्याच वर्षी नाइनोआ थॉम्पसन या हवाईयन तरुणानं ताहितीची वाट स्वतः काढली. १९९०मध्ये माऊंनी सातावालवर आपल्या मुलासाठी पुन्हा प्वो घडवला. २००७मध्ये त्याच बेटावर थॉम्पसनसह पाच हवाईयनांना प्वो दिला, म्हणजे ज्यांच्याकडची विद्या समूळ गेली होती त्यांना परक्या कुळाकडून ती मिळाली, विधीसकट. २०१०मध्ये माऊ गेले. तुमच्या म्हातारीसमोरही हाच पेच ठेवा: कासवकुळातलं पोर येत नाही, आणि पडवीत उभे आहेत ते तुमचे खेळाडू, परके, नाव-गाव नसलेले. त्यांच्या तोंडून हाक गेली तर पूर्वज ओ देतील का, हे तिलाही ठाऊक नाही.

पहिलं दृश्य मी असं लिहीन. पाचव्या बेटावर प्रसूतीत अडलेली बाई आहे, सुईण सातव्या बेटावर आहे, धुकं पडलं आहे आणि तिकडे दीपस्तंभ नाही. खेळाडू म्हातारीकडे धावत येतात. ती म्हणते, ही वाट माझ्या सासऱ्यांची, ओवी येते मला, पण दम पुरत नाही; दुसरं कडवं तुमच्यापैकी कोणीतरी धरा. मग वल्ही मारता मारता ती एकेक ओळ सांगत जाते, आणि कोणत्या खेळाडूनं ती ओळ न चुकता परत म्हटली ते तुम्ही मनात नोंदवून ठेवा. होडी लागली की ती त्यालाच विचारेल, “किती दिवस आहेस रे इथे?”